राजापुरीच्या बुंध्याची साल हातात येतेय, झाड वाचेल का? (बडोदा)

राजापुरी:

नमस्कार मंडळी. बडोद्याला समा भागात आमचं बैठं घर आहे, मागे लहानशी बाग. बागेत एकच मोठं झाड, राजापुरी आंब्याचं. सासऱ्यांनी २००१ साली लावलेलं कलम. घरचा छुंदा, साखरांबा, लोणचं सगळं याच झाडावर, शिवाय गल्लीतली चार घरं.

मागच्या आठवड्यात पाऊस लागला आणि बुंध्यातून काळपट पाणी ओघळताना दिसलं. बोटाने दाबलं तर साल पोकळ लागली आणि तळहाताएवढा तुकडा हातातच आला. आत सगळं तपकिरी, ओलं, आंबूस वासाचं. त्याच्या थोडं वर डिंकाचे मणी.

माळी म्हणतात उधई (वाळवी) लागली आहे, औषध ओतू. शेजारच्या बेन म्हणतात झाडाचं वय झालं. यांचं म्हणणं, खरवडून डांबर फासून टाकू. मला कळत नाही ते वेगळंच आहे. यंदा मोहर इतका आला होता की पानं दिसत नव्हती. फळं मात्र लिंबाएवढी होऊन गळली, राहिली ती नेहमीच्या निम्म्या आकाराची. एवढा मोहरणारं झाड आजारी असतं का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. हे झाड जाऊ द्यायचं नाहीये.

खारुताई:

वाचतेय. आमच्या पेरूचीही साल पापुद्र्यासारखी निघतेय. तोच रोग असेल का?

बांधावरून:

खारुताई, पेरूची साल निघणारच. जुना पापुद्रा गळून खाली गुळगुळीत, हिरवट-बदामी नवी साल दिसत असेल तर झाड ठणठणीत आहे. निलगिरी आणि अर्जुनाचंही तसंच. साल निघाली आणि खाली ओलं, काळं, कुजकं दिसलं, तर काळजी.

राजापुरीताई, आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून आमचा डिंक्या आठवला. संत्र्यात तो जमिनीलगतच सुरू होतो, माती ओली राहिली की साल कुजते आणि वर डिंक येतो. आम्ही पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचा लेप, लावतो. आंब्यात मात्र डिंक बऱ्याच कारणांनी येतो. खोडकिड्याने येतो, बुरशीने येतो, नुसत्या मारानेही येतो. डिंक म्हणजे ताप. ताप कशाचा ते आधी बघावं लागेल.

दांडियाबाजार:

ताई, डांबरच लावा. आमच्या वाड्यात कडुनिंबाला मोठी ढोली पडली होती. १९८६ की ८७ साली मी स्वतः उभा राहून ती साफ केली, आत सिमेंट भरलं, वरून डांबर. झाड आजही उभं आहे. उगाच महागडी औषधं नकोत.

भटकी_मैना:

समा म्हणजे विश्वामित्री नदीच्या जवळच की. साल कुणी खाल्ली ते आधी बघा, मगर तर नव्हती ना 🙂

राजापुरी:

मैना, हसले खरी, पण २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या अंगणात कमरेइतकं पाणी होतं आणि शेजारच्या सोसायटीत खरोखरच मगर निघाली होती. त्या दिवसांत कुणी बागेकडे बघितलंसुद्धा नाही.

शेवगा:

झाडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, भुश्शाच्या आणि विष्ठेच्या दोरीसारख्या जाळ्या दिसतात का? आमच्या शेवग्याला आणि आंब्याला साल खाणारी अळी लागली होती. ती दिवसा भोकात बसते, रात्री बाहेर येऊन त्या जाळीखालून साल कुरतडते. उपाय सोपा आहे. जाळी खराट्याने झाडून काढायची, भोक सापडलं की तार घालून अळी मारायची, रॉकेलचा बोळा आत कोंबून वरून चिखलाने लिंपायचं. आठ दिवसांनी परत बघायचं. नवी जाळी दिसली तर अजून एक भोक राहिलंय.

राजापुरी:

नाही, जाळ्या नाहीत. भुस्सापण नाही. सगळं खाली, जमिनीपासून फूटभर उंचीतच आहे.

मूळ_आणि_खोड:

ताई, मी रोपवाटिकेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. औषधाचं नाव शेवटी येऊ दे.

मोहराचं कोडं आधी सोडवू. लाकडातून पाणी वर चढतं. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे उतरतं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाहून पातळ जिवंत थर असतो, कँबियम, तो दोन्ही बाजूंना नवं लाकूड आणि नवी साल घडवतो. बुंध्याची साल कुजली की पाणी वर जातच राहतं, म्हणून पानं हिरवी राहतात. अन्न मात्र खाली जायचं थांबतं, फांद्यांत साठतं आणि मोहर उसळून येतो. द्राक्षवाले गर्डलिंग करतात, म्हणजे खोडाभोवतीची सालीची पट्टी काढतात, ते याच तत्त्वावर, फक्त त्यांची पट्टी अगदी अरुंद असते आणि काही आठवड्यांत भरून येते. तुमच्या झाडाची मुळं उपाशी आहेत. मुळं उपाशी म्हणून फळ पोसायला पाणी कमी पडलं, म्हणून गळ आणि लहान फळं. तो मोहर पाहून आनंद वाटला असेल, पण मला तो ऐकूनच धास्ती वाटली.

आता मला एक सांगा. बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो हत्तीच्या पायासारखा पसरलेला दिसतो, की विजेच्या खांबासारखा सरळ आत जातो?

राजापुरी:

बाहेर जाऊन बघून आले. खांबासारखा. अगदी सरळ. पूर्वी असा नव्हता! सासरे एका मुळावर बसून पेपर वाचायचे, ते मूळच दिसत नाहीये.

मूळ_आणि_खोड:

मग झाड पुरलं गेलंय. पुरानंतर अंगणात गाळ राहिला होता का? वरून माती टाकली?

राजापुरी:

हो. गाळ चार-पाच बोटं तरी होता. काढायला माणसं मिळेनात. मग दिवाळीच्या आधी त्यावरच दोन ट्रॅक्टर लाल माती पसरून लॉन लावली आणि झाडाभोवती विटांचं आळं केलं, रोज पाणी देता यावं म्हणून. आपण झाडाचं भलंच करतोय असं वाटत होतं. वाचून पोटात गोळा आला.

मूळ_आणि_खोड:

यात तुमचा दोष मानू नका, निम्म्या बागांत हेच होतं. मुळाची साल मातीत राहायलाच घडलेली असते, बुंध्याची साल मात्र हवेसाठी. तिच्यावर ओली माती वर्षभर चढून बसली की ती श्वास घेऊ शकत नाही, मऊ पडते आणि बुरशीला दार उघडतं. वर रोजचं आळ्यातलं पाणी.

उधई तिथे असेलही. पण ती बहुतेक वेळा मेलेल्या सालीवर येते. मातीचे बोगदे पुसून काढा आणि खाली साल जिवंत आहे का ते बघा. औषध ओतून उधई जाईल, कूज तशीच राहील.

करायचं असं. विटांचं आळं आजच काढा. बुंध्यापासून हातभर अंतरातली माती खुरप्याने आणि हाताने काढा, फावडं नको, फावड्याने उरलेली सालही जाईल. जुनी मुळं फाकलेली दिसेपर्यंत खाली जा. शेवटचा थर पाइपच्या हलक्या धारेने धुवा. बुंध्याभोवती बारीक मुळं गुंडाळलेली दिसली तर ती वरच्या मातीत नंतर फुटलेली आहेत, कात्रीने कापा. आणि हे विसरू नका: पावसाळा आहे, खड्डा उघडा ठेवलात तर डबकं होईल. उताराच्या बाजूला चर काढा, पाणी वाहून गेलंच पाहिजे.

मग शिवणकामाची टेप घेऊन घेर मोजा आणि मेलेली साल किती ते मोजा. नखाने अलगद खरवडा. ओलसर, फिकट आणि लाकडाला घट्ट असेल ते जिवंत. तपकिरी आणि सुटं असेल ते मेलेलं.

सातचा_अलार्म:

+१. मुंबईत आमच्या सोसायटीत बकुळीच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले होते. कमिटीशी दोन महिने भांडलो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, तो आदेश छापून नोटीस बोर्डावर लावला तेव्हा ब्लॉक निघाले.

कमाटीबागेतला:

अवांतर, पण सालीचाच विषय निघालाय म्हणून. अर्जुन, म्हणजे इथले लोक ज्याला सादड म्हणतात, त्याची साल हृदयाला चांगली म्हणून फिरायला येणारी माणसं चाकूने सोलून नेतात. मी असं झाड पाहिलंय ज्याचा माणसाच्या उंचीपर्यंतचा घेर तीन बाजूंनी सोललेला होता. वैद्याकडे, गांधीकडे (जडीबुटीच्या दुकानात) वाळलेली साल मिळते. उभ्या झाडाची कशाला? १८७९ पासूनची कमाटीबाग आहे आपली, सयाजीराव महाराजांनी १८९३ साली क्रुंबिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ इथल्या बागांसाठी आणले होते, पुढे ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळुरूच्या लालबागेमुळे नावाजले. एवढ्या मायेने जोपासलेल्या शहरात झाडाची कातडी सोलताना हात कसा धजावतो? असं कुणी दिसलं की मी थांबतो आणि बोलतो. बहुतेक जण ऐकतात.

खारुताई:

कमाटीबागवाले दादा, नवरात्रातल्या लायटिंगच्या तारांचंही लिहा. आमच्या चौकातल्या गुलमोहराला तार गुंडाळून तशीच सोडली, आता ती खोडात रुतून दिसेनाशी झाली आहे.

मूळ_आणि_खोड:

रुतलेली तार ओढून काढू नका, साल फाटते. दिसते तिथे दोन-तीन ठिकाणी कापा म्हणजे आवळण थांबेल. आत गेलेला तुकडा झाड गिळून टाकतं.

राजापुरी:

काम झालं. मी, मुलगा आणि माळीकाका, दोन सकाळी लागल्या. वरची माती जवळपास नऊ इंच निघाली. सासऱ्यांचं बसायचं मूळ सापडलं! मुलाने त्यावर बसून फोटो काढला.

घेर ११८ सेंटिमीटर. मेलेली साल ५२, सगळी पश्चिमेकडे आणि नैर्ऋत्येला, जिथे लॉनचं पाणी साचायचं. पूर्वेकडची साल घट्ट आहे, नखाने खरवडलं तर फिकट आणि ओलसर. तीन बारीक मुळं गुंडाळलेली होती, कापली. वाचेल ना?

मूळ_आणि_खोड:

५२ म्हणजे निम्म्याला थोडं कमी. पाव घेरापर्यंतची जखम झाड सहसा सहज पेलतं, निम्म्याच्या पुढे गेलं की अवघड, पूर्ण कंकण झालं तर कलम बांधल्याशिवाय आशा नाही. तुम्ही मधे आहात. मला आशा वाटते.

सुटी झालेली साल धारदार चाकूने काढा, चाकू दर वेळी स्पिरिटने पुसा. घट्ट साल लागली की थांबा, जखम गोल-सुबक करण्यासाठी चांगली साल कापू नका. मग दोन दिवस उघडीप मिळाली की बोर्डो पेस्ट.

दांडियाबाजार:

म्हणजे शेवटी काहीतरी फासायचंच आहे. मग डांबराने काय घोडं मारलंय?

मूळ_आणि_खोड:

काका, रास्त प्रश्न आहे. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. आपल्याकडे नवी कातडी त्याच जागी येते. झाड कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि कडेने नवं लाकूड वळकटीसारखं चढवत नेतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. त्यांनी जखमेवरचे रंग आणि डांबरही तपासले, कूज थांबत नाही असं दिसलं. डांबर उन्हात तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि मागे ओल कोंडून राहते. गरम लावलं तर कडेची जिवंत पेशीच भाजते, आणि वळकटी तर त्या कडेतूनच यायची असते.

बोर्डोचं काम निराळं. ती जखम झाकायला नाही. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर मातीतली बुरशी सालीवर उडते, तिला तांबं अडवतं. शायगो यांची झाडं थंड प्रदेशातली, आपला पावसाळा चार महिन्यांचा, म्हणून आंब्या-संत्र्याच्या बुंध्याला मी ती लावतोच. छाटलेल्या वरच्या फांद्यांना काही लावत नाही.

दांडियाबाजार:

आणि माझा कडुनिंब चाळीस वर्षं उभा आहे तो?

मूळ_आणि_खोड:

तो स्वतःच्या बळावर उभा आहे, काका. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही. एकदा लाकडी हातोडीने सिमेंटच्या भोवती ठोकून बघा आणि आवाज कसा येतो ते इथे लिहा.

बांधावरून:

बोर्डो पेस्टचं प्रमाण विचारायच्या आधीच लिहितो. एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्ध्या लिटरात रात्रभर विरघळू द्या. चुना उरलेल्या अर्ध्या लिटरात विरवा, तो उकळतो, तोंड लांब ठेवा, थंड झाल्यावर गाळा. दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र ओता. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. झालं की चकचकीत खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा, उरलं तर दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. हातमोजे, चष्मा घाला.

राजापुरी:

मोरचूद मागितलं तर मांडवीतला दुकानदार बघतच राहिला. 'मोरथूथू' म्हटल्यावर लगेच दिलं. इतर बडोदेकरांनी लक्षात ठेवा.

शेवगा:

ताई, खत घालायचा मोह होईल. युरिया नको. उपाशी मुळांना आत्ता कोवळ्या पालवीचा भार झेपणार नाही. पाणी बुंध्याशी न देता फांद्यांच्या सावलीची कड पडते तिथे, आठवड्यातून एकदा, पण खोलवर.

दांडियाबाजार:

ठोकून पाहिलं. सिमेंटच्या वर हातभर बद्द आवाज येतो. एका बाजूला सिमेंट आणि लाकडाच्या फटीत सळई वीतभर आत गेली, भुगा ओला होता. उरलेलं खोड टणक आहे. त्याची एक फांदी रस्त्यावर झुकते, म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागाला बघायला बोलावलं आहे. सिमेंट आता काढावं का?

मूळ_आणि_खोड:

नको काका, राहू द्या. काढताना झाडाने घातलेली भिंत फुटेल. फांदीचं ओझं कमी करून घ्या, एवढंच.

राजापुरी:

मंडळी, पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.

ओघळणारं पाणी थांबलं आहे. पेस्ट दोनदा लावली, एकदा जुलैच्या उघडिपीत, एकदा पाऊस संपल्यावर. जखमेतलं लाकूड वाळून राखाडी झालं. पूर्वेकडच्या कडेने सालीची गुळगुळीत वळकटी आली आहे, करंगळीएवढी जाड. पश्चिमेची एक फांदी वाळली, ती काढावी लागली, त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. लॉनचा झाडाखालचा गोल तुकडा उचलून टाकला आणि तिथे पालापाचोळा पसरतो, बुंध्यापासून वीतभर लांब.

खालच्या बाजूला मात्र एका ठिकाणी वळकटी आलेली नाही. तिथलं मूळ ठोकलं तर पोकळ वाजतं.

मूळ_आणि_खोड:

वाचून बरं वाटलं. ते मूळ बहुधा गेलं. यंदा मोहर आला तर निम्मा हाताने खुडा, जड जाईल तरी. आणि या बाजूला नवी मुळं द्यायचा एक मार्ग आहे. पावसाळ्यात झाडाखाली टाकलेल्या कोयी उगवल्या आहेत का?

राजापुरी:

उगवल्या आहेत! खड्ड्याच्या कडेला पाच पुरल्या होत्या, तीन रोपं गुडघ्याएवढी झाली. माळीकाका उपटत होते, मीच ठेवायला सांगितलं.

मूळ_आणि_खोड:

पश्चिमेकडची दोन जपा. पेन्सिलीएवढी जाड झाली की पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, साल लाकडापासून सहज सुटते तेव्हा, जखमेच्या वर जिवंत सालीत उलटा टी कापायचा, रोपाचा शेंडा तिरका तासून आत सरकवायचा आणि बारीक खिळ्याने धरून बांधायचा. भेट कलमच (मुळांवरचं रोप उभ्या झाडाला जोडायचं), फक्त फांदीऐवजी खोडाशी. जोड जमला की त्या रोपाची मुळं मोठ्या झाडाची होतात.

राजापुरी:

वाचायला सोपं वाटतंय, हात थरथरेल. बडोद्यात किंवा आणंदकडे कुणी भेट कलम बांधणारं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दांडियाबाजार:

व्यनि कशाला. पाऊस पडला की मी येतो. माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, शेकड्याने बांधलेत. चाकू माझा आणतो, सुतळी तुमची काढून ठेवा.